विंध्यातील वाघांचे गोत्र

इ. स. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर मांडूस मुक्कामाला होता. मांडू म्हणजे आजच्या धार जिल्ह्यातील तोच गड, जेथे पावसाळ्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे जहाजमहाल पाहावयास जातात. त्या मुक्कामात शिकाऱ्यांनी चार वाघ घेरल्याची वर्दी आली, आणि बेगम नूरजहानने हत्तीवरील अंबारीतून सहा गोळ्यांत ते चारही वाघ मारले. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवला आहे. त्याचे कौतुक नेमबाजीचे होते. आमचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टीकडे जाते. चार वाघ एकाच वेळी एकाच टापूत घेरता यावेत, एवढे ते रान संपन्न होते!

याच जिल्ह्यात कुक्षीच्या बाजूस बाघ नावाचे गाव आहे. तेथील बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रे जगप्रसिद्ध आहेत, आणि लेण्यांजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही बाघिनीच आहे. गावाला, नदीला आणि लेण्यांना वाघाचे नाव राहिले; वाघाची वस्ती मात्र राहिली नाही. बिबट्या अजून आहे. तो थोड्या आडोशावर भागवितो. वाघाचे तसे नाही.

धारकडून पूर्वेस देवास जिल्ह्यात यावे. आपल्या वाचकांस हे सांगणे नको की धार आणि देवास ही दोन्ही पवारांची राज्ये. देवासला तर तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांच्या दोन पात्या, थोरली व धाकटी, एकाच गावात नांदत होत्या. या जिल्ह्याच्या दक्षिणेस कन्नोद, खातेगाव, बागली, उदयनगर या बाजूला विंध्य पर्वत नर्मदेकडे उतरतो, आणि त्या उतरणीवर अद्याप सागाचे रान आहे. तेथेच देवास आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत मिळून खिवनीचे अभयारण्य आहे. त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर, म्हणजे वाघाच्या हिशेबाने अगदी लहान. तरीही तेथे वाघ आहेत. पूर्वेस भोपाळजवळ रातापानीचे मोठे रान आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या रानाशी खिवनीचा संबंध तुटक-तुटक झाडीच्या पट्ट्यांनी अजून टिकून आहे.

येथे विद्यार्थी विचारतील, वाघ आहेत ना? मग प्रश्न कोणता? वर्तमानपत्रेही असेच लिहितात. देशात २००६ च्या गणनेत १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ निघाले. त्यांतील ७८५ एकट्या मध्य प्रदेशात आणि ४४४ महाराष्ट्रात. संख्या वाढली ही आनंदाची गोष्ट होय, आणि ती उणी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु केवळ डोकी मोजून एखाद्या कुळाची खरी स्थिती कळत नाही. ती डोकी एकमेकांची कोण लागतात, हेही पाहावे लागते.

हा मुद्दा आपल्या घरातील उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. लग्न जुळविताना वडीलधारी मंडळी पत्रिकेच्याही आधी गोत्र विचारतात. त्यामागील धर्मशास्त्र बाजूस ठेवू. प्राणिशास्त्राचे म्हणणे असे आहे. प्रत्येक प्राण्याच्या शरीराची घडण ज्या सूचनांवरून होते, त्यांना जनुके म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एका प्रतीत दोष असला तरी दुसरी निर्दोष प्रत पुष्कळदा काम निभावून नेते, आणि दोष झाकलेला राहतो. आता आई-वडील जवळचे नातलग असले, तर एकाच पणजोबाची सदोष प्रत दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. संततीत त्या दोन्ही प्रती एकत्र आल्या की झाकलेला दोष उघडा पडतो. शिवाय एखादी नवी साथ आली, तर नानाविध प्रती असलेल्या कुळात कोणीतरी तिला तोंड देणारा निघतो. सर्वांच्या प्रती एकसारख्या असल्या तर सर्वच एका तडाख्यात सापडतात. एका कुळात जनुकांचे किती निरनिराळे प्रकार नांदतात, यालाच जनुकीय वैविध्य म्हणतात.

वाघाला गोत्र कोण विचारणार? निसर्गाने त्याची सोय निराळ्या रीतीने केली आहे. आपल्याकडे लेक सासरी जाते. वाघांत लेक बहुधा माहेरच्या शेजारीच आपले रान मांडते, आणि मुलगा सुमारे दोन वर्षांचा झाला की घर सोडून दूर जातो. त्याच्या त्या भटकण्यानेच भाऊ-बहिणीचा संबंध टळतो आणि एका रानाचे रक्त दुसऱ्या रानात पोहोचते. मात्र जाण्यास वाट हवी. वाट बंद झाली, की रानाचे बेट होते आणि बेटावरील सर्व वाघ दोनचार पिढ्यांत एकमेकांचे सोयरे होऊन बसतात.

आम्ही कलाशाखेचे, गणिताशी आमचे सख्य बेताचेच. तरी पुढील हिशेब आठवीच्या मुलासही करता येईल. प्राणिशास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, बंदिस्त कुळातील वैविध्याचा दर पिढीस नष्ट होणारा अंश म्हणजे, प्रजोत्पादन करणाऱ्या प्राण्यांच्या संख्येची दुप्पट करून तिने एकाला भागले असता येणारा अपूर्णांक. समजा, एका तुटलेल्या रानात असे दहा वाघ आहेत. दहाची दुप्पट वीस. म्हणजे दर पिढीस विसावा हिस्सा, शेकडा पाच, नाहीसा होतो. दहा पिढ्यांनंतर मूळच्या १०० पैकी सुमारे ६० उरतात. वाघाची पिढी पाच वर्षांची धरली, तर हा काळ अवघा पन्नास वर्षांचा, म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंतचा. तेच पन्नास वाघ असले, तर तेवढ्याच काळात ९० च्या वर शिल्लक राहतात. आणि लहान रानातदेखील दर पिढीला बाहेरचा एखादा वाघ येऊन त्याची संतती वाढली, तरी ही गळती पुष्कळशी भरून निघते. एखादाच वाघ पुरतो. पण तो आला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, वाघाच्या जनुकांचा शोध लावायचा कसा? त्याचे रक्त काढावयास कोण जाईल? त्याची गरज पडत नाही. वाघ ज्या वाटेने जातो तेथे विष्ठा टाकतो, आणि त्या विष्ठेला त्याच्या आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. वनरक्षक आणि अभ्यासक ती विष्ठा जपून गोळा करतात, प्रयोगशाळेत त्या पेशींतून डी.एन.ए. नावाचे द्रव्य वेगळे काढतात, आणि त्यातील लिपी वाचतात. या लिपीत काही ठिकाणी एकच अक्षरगट पुनःपुन्हा आलेला असतो. कोणात तो अकरा वेळा, कोणात चौदा वेळा. अशी दहा-बारा ठिकाणे तपासली की प्रत्येक वाघाची स्वतंत्र ओळख पटते, आणि कोण कोणाचा भाऊ, कोण परक्या रानातून आलेला, हेही उमगते. ज्या वस्तूकडे पाहून आपण नाक मुरडू, तिच्यातून एखाद्या कुळाची वंशावळ वाचता यावी, हे आम्हांस मोठे नवलाचे वाटते.

याच विद्येने जुन्या काळाचाही शोध घेता येतो. संस्थानिकांनी आणि साहेबांनी मारलेल्या वाघांची कातडी आणि कवट्या ब्रिटनमधील संग्रहालयांत पडून होत्या. बेंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन, त्यांचे सहकारी सम्राट मंडल आणि ब्रिटनमधील मायकेल ब्रूफर्ड यांनी त्या जुन्या नमुन्यांची आजच्या वाघांशी तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेला एक भाग मायटोकॉन्ड्रियाचा होता. गोत्र बापाकडून चालते, मायटोकॉन्ड्रियाचे डी.एन.ए. केवळ आईकडून येते, म्हणजे आजी, पणजी, खापरपणजी अशी ती परंपरा. जुन्या नमुन्यांत मातृपरंपरेचे जे प्रकार आढळले, त्यांपैकी ९३ टक्के आजच्या वाघांत सापडले नाहीत. हा आकडा आम्ही पहिल्या प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटून पुन्हा वाचला. शंभरातील त्र्याण्णव आज्यांचा वंश बुडाला! वाड्यांतील दिवाणखान्यांत भुसा भरून उभ्या केलेल्या वाघांकडे पाहून आपण त्यांची लांबी विचारतो. त्यांच्याबरोबर काय गेले, हे त्या लांबीवरून कळत नाही. आणि नष्ट झालेला प्रकार, संख्या कितीही वाढविली तरी परत येत नाही.

तरी जे उरले ते थोडके नाही, हेही सांगितले पाहिजे. जगातील वाघांत आज जे वैविध्य शिल्लक आहे, त्याचा निम्म्याहून अधिक भाग भारतातील वाघांकडे आहे. त्यातही मध्य भारतातील रानांचे महत्त्व फार. संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि आपल्या अमरावतीकडील मेळघाट या चार रानांतील वाघांचा अभ्यास केला. तोही २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला. जेथे दोन रानांमध्ये झाडीचा सलग पट्टा टिकला आहे, तेथे जुनी देवाणघेवाण आजही चालू असल्याचे त्यांस आढळले. कान्हा आणि पेंच ही त्यांतील ठळक जोडी. जेथे पट्टा शेतीने, रस्त्यांनी, वस्तीने तुटला, तेथे ती पूर्वीपेक्षा घटली होती. वाघांच्या रक्तातच जणू नकाशा उमटला होता.

वाट पुरती बंद झाली तर काय होते, याची उदाहरणे आहेत. ओडिशातील सिमिलीपाल येथे काही वाघांच्या अंगावरचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच दिसतो. हे रूप एका जनुकातील फरकामुळे येते, असे बेंगळूरच्याच अभ्यासकांनी २०२१ मध्ये दाखविले. इतरत्र रानात हे रूप दिसत नाही. सिमिलीपालमध्ये मात्र ते वारंवार दिसते, कारण ते कुळ लहान आणि एकटे पडलेले आहे. प्रवासी काळा वाघ पाहून हरखतात. अभ्यासक चिंतेत पडतात. म्हणूनच २०२४ च्या अखेरीस आपल्या चंद्रपूरकडील ताडोबाच्या रानातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेण्यात आल्या. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात प्यूमा नावाचे मार्जारकुळातील मोठे जनावर आहे. ते तीसहून कमी उरले, तेव्हा त्यांत वाकड्या शेपट्या आणि हृदयाचे दोष दिसू लागले. १९९५ मध्ये टेक्सास प्रांतातून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा पुढच्या पिढ्यांत ते दोष कमी झाले आणि संख्याही वाढली.

असे दत्तक घेणे आपल्या वाचकांस अपरिचित नाही. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. राजघराणी दत्तक शक्यतो नात्यातून घेत. वाघाचे दत्तक मात्र जितके दुरून तितके चांगले. मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. तेथे बांधवगडहून एक वाघीण, कान्ह्याहून दुसरी आणि पेंचहून एक वाघ, असे तीन ठिकाणचे तिघे आणले. वाघ आला आणि थोड्याच दिवसांत पसार झाला. तो थेट दक्षिणेस, पेंचच्या दिशेने चालू लागला. वनखात्याची माणसे आणि हत्ती जवळजवळ महिनाभर त्याच्या मागावर होते. अखेर डिसेंबरात त्यास बेशुद्ध करून परत आणले. एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडे जन्मले, आणि आज त्या रानात पुन्हा वाघांची भरभराट आहे. परंतु वाघ पकडणे, बेशुद्ध करणे, मोटारीतून नेणे हा खर्चाचा आणि जोखमीचा उपाय झाला. जी गोष्ट वाघ आपल्या पायांनी, फुकट करतो, ती माणसाने यंत्राने करावी लागावी हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

पायांनी तो किती करतो, ते पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओचा पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख ओलांडून, कापसाच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाने, बहुधा रात्रीचा चालत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत १,३०० किलोमीटर चालणे झाले होते. एवढा मोठा प्रवास करून तो जेथे थांबला, तेथे एकही वाघीण नव्हती. पाऊल पोहोचले, पण कूळ पोहोचले नाही. वाटेच्या टोकाला नांदते रान असणे हेही वाटेइतकेच आवश्यक आहे, हे त्या बिचाऱ्याने आपल्याला दाखवून दिले.

आता पुन्हा विंध्याकडे वळू. खिवनीचे महत्त्व तेथील वाघांच्या संख्येत नाही. ती संख्या लहान रानात लहानच राहणार. रातापानीकडून येणारा तरुण वाघ खिवनीत विसावतो. तेथून पश्चिमेस उदयनगर, चोरल, महू, मानपूर अशी डोंगराची धार थेट मांडूपर्यंत जाते. हा रस्ता कल्पनेतला नव्हे. मे २०२३ मध्ये महूच्या लष्करी महाविद्यालयाच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात दिसला. पुढच्या महिन्यात जवळच्या एका खेड्यात वाघाच्या हल्ल्यात एक वृद्ध गृहस्थ दगावले. नूरजहानच्या मांडूपासून वाघ काही फार दूर राहिलेला नव्हता.

त्या वृद्धाच्या घरच्या माणसांना जनुकीय वैविध्याच्या गोष्टी सांगावयास आमची जीभ धजणार नाही. आम्ही कोकणी बोलणारे. आमच्याकडे सत्तरी-सांग्याच्या रानांत वाघाची कोरीव दगडी मूर्ती असते. तिला वाघ्रो म्हणतात आणि गुराखी तिची पूजा करतात. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. वाघाने गुरे मारली होती. ज्याची दुभती म्हैस जाते त्याला नुकसानीचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर वाघ्रोची पूजा आणि विषाची पुडी एकाच गावात सापडतात. म्हादईचे रान कर्नाटकातील भीमगड आणि काळी यांच्या रानांशी जोडलेले असल्याने ती चार जनावरे केवळ गोव्याची नव्हती. खिवनीभोवतीच्या गावांतील गुराख्याचे समाधान हाही वाघाच्या वंशावळीचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.

दुसरा प्रश्न रस्त्यांचा. इंदूरहून बैतूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग देवास जिल्ह्यातील कन्नोद आणि खातेगाव या गावांवरून जातो. इंदूर–मनमाड या नव्या लोहमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. तो धार, खरगोन आणि बडवानी जिल्ह्यांना रेल्वेने जोडणार आहे. माळव्यातील मराठी माणसाला नाशिक-मुंबईकडे जाण्याची ती मोठी सोय होईल, आणि आम्हीही त्या गाडीत आनंदाने बसू. परंतु विंध्याचा घाट चढल्याखेरीज निमाडातून माळव्यात कोणताच मार्ग येऊ शकत नाही, आणि घाट म्हणजेच रान.

यावर उपाय नाही असे नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या रानातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या. त्यांतील सर्वांत मोठी वाट ७५० मीटर रुंद आहे. प्रारंभी पुष्कळांनी शंका काढली की वाघ असल्या पुलाखालून कशाला जाईल! तेथे कॅमेरे लावले गेले. चितळ आले, रानडुकरे आली, रानकुत्री आली, आणि त्यांच्या मागोमाग वाघही आला. कान्हा आणि पेंच यांच्या वाघांत आज जी सोयरीक टिकून आहे, तिच्या वाटेवर आता डोक्यावरून मालमोटारी धावतात आणि खालून रात्री वाघ जातात. इंदूरच्या दक्षिणेस लोहमार्गाची आखणी होताना अशा वाटा कोठे आणि किती ठेवल्या जातात, हे धार-देवासकडील वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.